रन दाबलं की घुमट दुप्पट वाजतंय? सॉनिक पायमध्ये थ्रेड कुठे आणि लाइव्ह लूप कुठे

तक्रार साधारण अशी असते. सॉनिक पाय म्हणजे कोड लिहून संगीत वाजवायचा प्रोग्राम. त्यात घुमटाचा, म्हणजे गोव्याच्या मातीच्या तालवाद्याचा, ठेका बसवला, रन दाबलं, छान वाजला. मग एका ओळीत किरकोळ बदल करून पुन्हा रन दाबलं आणि ठेका एकदम जाड झाला. कधी आवाज पोकळ येतो, कधी प्रत्येक थापेच्या पाठोपाठ तीच थाप पुन्हा ऐकू येते. तिसऱ्यांदा रन दाबलं की नुसता गलबला. नको असलेली ओळ पुसून टाकली तरी ती वाजतच राहते. शेवटी स्टॉप दाबावं लागतं, मग सगळंच बंद पडतं आणि समोर बसलेली मंडळी चुळबुळ करायला लागतात.

चवथ जवळ आली की आमच्या फोंड्याच्या गटात हा प्रश्न हमखास येतो. त्याच दिवसांत मुलं घरच्या आरतीचं घुमट, शामेळ, झांज ही वाद्यं फोनवर रेकॉर्ड करून आणतात आणि त्यावर कोडने काहीतरी करून बघायची हौस येते. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून शाळांच्या कार्यक्रमांतही ते जास्त दिसायला लागलंय. एकदा एका पोराने आपला ठेका भजनी बुवांना ऐकवला. बुवांनी दोन आवर्तनं ऐकली आणि विचारलं, "अरे, वाजवणारे दोन बसवलेत काय? एक जण पुढे पळतोय." पोरगा म्हणाला, "नाही बुवा, एकच आहे." स्क्रीनवर खरंच एकच होता. वाजत मात्र दोन होते.

एक खुलासा आधीच करतो. सॉनिक पायचे शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, प्रोग्रामच्या हेल्पमध्ये दिसतात तसेच, अंडरस्कोअरसकट आणि लहान अक्षरांत टाकायचे. आवृत्ती ३ किंवा ४ धरून लिहितोय.

रन दाबल्याने जुनं जात नाही

गोंधळाचं मूळ इथे आहे. आपल्याला वाटतं की रन दाबलं म्हणजे आधीचं कोड गेलं आणि नवीन आलं. तसं काही होत नाही. सॉनिक पाय बफरमधलं, म्हणजे लिहायच्या चौकटीतलं, कोड वरपासून खालपर्यंत पुन्हा चालवतो आणि आधी जे चालू होतं त्याला हातही लावत नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. चालू संगीत न थांबवता कोड बदलता यावं म्हणूनच तर हे वाद्य आहे. सॅम आरन यांनी केंब्रिज विद्यापीठात २०१२ च्या सुमारास ते बनवायला घेतलं तेव्हा रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग शिकवणं हा हेतू होता, पण मंचावर उभं राहून वाजवणं हा त्याचा मोठा भाग लवकरच झाला.

म्हणजे स्क्रीनवर दिसतं तेच वाजतं असं धरून चालू नका. स्क्रीनवर फक्त शेवटची आज्ञा दिसते. आधीच्या आज्ञांमधून निघालेले आवाज पाठीमागे चालूच असू शकतात. खालच्या सगळ्या तक्रारी या एका गोष्टीच्याच वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

आता हे कोड बघा. नव्वद टक्के वेळा आलेल्या फाइलमध्ये हेच सापडतं असं म्हणायचा मोह होतो, पण मोजलेलं नाही, म्हणून एवढंच म्हणतो की मी सगळ्यात आधी हेच शोधतो:

इन_थ्रेड डू
  लूप डू
    सॅम्पल घुमट
    स्लीप ०.५
  एंड
एंड

इथे घुमट म्हणजे बफरच्या माथ्यावर फाइलचा पत्ता देऊन ठेवलेलं नाव. पहिल्या रनला यात काहीच वावगं नाही. इन थ्रेड म्हणजे "हे बाजूला चालू दे, मी पुढच्या ओळीकडे जातो". लूप म्हणजे कधीच न थांबणं. स्लीप म्हणजे पुढच्या ओळीआधी तेवढ्या मात्रा थांबणं. थ्रेडला नाव नाही. दुसऱ्यांदा रन दाबलं की असाच आणखी एक थ्रेड जन्माला येतो, कारण पहिल्याचा पत्ता कुणालाच माहीत नाही. मंडपात बोलावलेल्या वाजंत्र्याचं नाव लिहून घेतलं नाही तर त्याला थांबवायचं तरी कसं, तसलाच प्रकार.

दुसरा थ्रेड कधी सुरू होतो? तुमचं बोट बटणावर पडलं त्या क्षणी. त्याचा पहिल्या थ्रेडच्या मात्रेशी काही संबंध नसतो. दोन्हींत अगदी थोडा फरक राहिला तर एकाच आवाजाच्या दोन प्रती एकमेकींवर पडतात, काही वारंवारता कापल्या जातात आणि आवाज पोकळ, धातूसारखा होतो. फरक जास्त असला की दोन थापा वेगवेगळ्या ऐकू येतात. म्हणून एकाच फाइलची तक्रार कधी "आवाज बिघडला" अशी येते, कधी "लय बिघडली" अशी. दोन्हींचा इलाज एकच.

नाव दिलं तर?

हेल्प वाचून काही जण थ्रेडला नाव देतात. त्याने निम्मं काम होतं. त्या नावाचा थ्रेड आधीच चालू असेल तर सॉनिक पाय दुसरा बनवत नाही, या नावाचा थ्रेड आहेच, म्हणून नवा वगळला, अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये, म्हणजे संदेशांच्या चौकटीत, टाकतो आणि पुढे जातो. दुप्पट होणं थांबलं.

पण आता दुसरीच तक्रार उभी राहते: बदल लागू होत नाही. स्लीप ०.५ चा ०.२५ केला, रन दाबलं, काहीच झालं नाही. होणार कसं? जुना थ्रेड आपल्या जुन्या कोडसकट फिरतोय आणि नवीन कोड घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवलं गेलं. लॉगकडे लक्ष नसेल तर माणूस अर्धा तास फाइलच्या पत्त्यात चूक शोधत बसतो.

लाइव्ह लूप नेमकं काय करतो

लाइव्ह लूप ही थ्रेडहून वेगळी जात नाही. तो थ्रेडच आहे, चार सोयी जोडलेला. त्याला नाव असतंच, नावाशिवाय तो लिहिताच येत नाही. आतलं कोड त्या नावाच्या एका फंक्शनमध्ये ठेवलेलं असतं. थ्रेड ते फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावतो. आणि प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला तो आपल्या नावाचा क्यू, म्हणजे इशारा, पाठवतो, ज्याचा बाकीचे उपयोग करून घेऊ शकतात.

लाइव्ह_लूप :ठेका डू
  सॅम्पल घुमट
  स्लीप ०.५
एंड

पुन्हा रन दाबलं की थ्रेड तोच राहतो, फंक्शन तेवढं बदलतं. चालू फेरा जुन्या कोडने पुरा होतो आणि पुढचा फेरा नवीन कोडने सुरू होतो. लय तुटत नाही, प्रत वाढत नाही.

यातूनच एक बारकावा निघतो, जो मंचावर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बदल ऐकू यायला किती थांबावं लागेल हे तुमचा फेरा किती लांब आहे त्यावर ठरतं. काही सांगितलं नाही तर सॉनिक पाय मिनिटाला ६० मात्रा धरतो. त्या लयीत १६ मात्रांचा फेरा लिहिला आणि पहिल्या मात्रेनंतर लगेच रन दाबलं, तर बदल कळायला जवळपास १५ सेकंद लागतात. मग लोक "लागू झालं नाही वाटतं" म्हणून परत काहीतरी बदलतात, परत रन दाबतात, आणि शेवटी काय बदललं ते त्यांनाच कळत नाही. शक्य असेल तिथे फेरा छोटा ठेवा. एका मात्रेचा लूप, बोलांची रिंग (संपली की पुन्हा पहिल्यापासून येणारी यादी) आणि टिक एवढ्यावर आठ मात्रांचा भजनी ठेका सहज बसतो. टिक हा मोजणारा प्रत्येक लाइव्ह लूपचा स्वतःचा असतो आणि रन दाबलं तरी शून्यावर जात नाही, त्यामुळे ठेका मध्येच पहिल्या बोलावर उडी मारत नाही.

आतमध्ये स्लीप किंवा सिंक (दुसऱ्याच्या क्यूची वाट बघणं) यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे. नाहीतर लूप झोपलाच नाही अशा अर्थाची चूक येते आणि तो लूप मरतो. जर-तरच्या अटीत स्लीप अडकला असेल आणि अट खोटी ठरली, तरी हेच होतं. म्हणून स्लीप अटीच्या बाहेर.

"थ्रेड जास्त अचूक चालतो" असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सॉनिक पाय रुबी या प्रोग्रामिंग भाषेवर उभा आहे, पण त्यातला स्लीप साध्या रुबीतल्या स्लीपसारखा नाही. पुढचा आवाज केव्हा यायला हवा हे तो आपल्या आतल्या हिशोबी वेळेवरून ठरवतो. कोड चालायला लागलेला वेळ त्यातून वळता होतो आणि आवाज साधारण अर्धा सेकंद आगाऊ नोंदवून सुपरकोलायडरकडे, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या इंजिनाकडे, दिले जातात. साधा थ्रेड असो की लाइव्ह लूप, मात्रा तेवढीच पक्की राहते. निवड अचूकतेवर करायची नाही.

मग थ्रेड हवाच कशाला?

ज्याला शेवट आहे त्यासाठी. माझी कसोटी एवढीच: ही गोष्ट आपणहून संपणार आहे का? संपणार असेल तर थ्रेड. संपणार नसेल, किंवा वाजता वाजता बदलायची असेल, तर लाइव्ह लूप. सुरुवातीचा तानपुऱ्यासारखा एक लांब स्वर, हळूहळू चढत जाणारा एखादा आवाज, एकदाच येणारा तुकडा ही थ्रेडची कामं.

सगळ्यात चांगलं उदाहरण तिहाईचं, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचं. आठ मात्रांचा ठेका आहे आणि दर चौथ्या आवर्तनात तिहाई घेऊन समेवर यायचंय. अर्ध्या मात्रेला एक घर धरलं तर आवर्तनात १६ घरं होतात. तिहाईची शेवटची थाप पुढच्या समेवर, म्हणजे सतराव्या घरावर, पडायला हवी. पाच थापांचा बोल आणि मध्ये एक रिकामं घर घेतलं की हिशोब जुळतो: पाच, एक, पाच, एक, पाच, बेरीज सतरा. पहिली थाप समेवर, शेवटची पुढच्या समेवर.

हे सरळ ठेक्याच्या लाइव्ह लूपमध्येच लिहिलं तर काय होतं ते करून बघण्यासारखं आहे. तिहाई वाजेपर्यंत ठेका थांबतो, कारण कोड ओळीने चालतं. बरं, प्रत्येक थापेनंतर आणि रिकाम्या घरासाठी अर्ध्या मात्रेचा स्लीप तीनदा फिरवला, तर एकूण १८ घरं म्हणजे नऊ मात्रा खर्च होतात आणि मग ठेक्याच्या आठ. तो एक फेरा १७ मात्रांचा झाला. शामेळचा दुसरा लूप चालू असेल तर इथून पुढे सम कायमची एका मात्रेने चुकली.

तेच ठेक्याच्या फेऱ्याच्या सुरुवातीला अट घालून, टिकचा आकडा चारने भागून बाकी तीन उरली तर, इन थ्रेडमध्ये तिहाई टाका. ठेका आपल्या वाटेने आठ मात्रा चालतो, तिहाई त्याच्यावर बसते आणि समेवर दोन्ही भेटतात. शेवटच्या थापेनंतरचा फालतू स्लीप राहिला तरी काही बिघडत नाही, कारण त्या थ्रेडची वाट कुणी बघत नसतं. समेवर दोन थापा एकदम पडून कान फुटू नयेत म्हणून तिहाईचा आवाज थोडा कमी ठेवा. थ्रेड आपल्या जन्मदात्याकडून लय आणि सिंथ, म्हणजे निवडलेला कृत्रिम आवाज, उचलतो, पण आत काही बदललं तर ते बाहेर सांडत नाही. तिहाईत सिंथ बदलायला म्हणूनच मुभा आहे.

अट एकच पाळायची. लाइव्ह लूपच्या पोटात जन्मलेला थ्रेड पुढचा तसाच थ्रेड जन्मण्याआधी संपला पाहिजे. आठ मात्रांच्या लूपमध्ये दर फेऱ्याला बारा मात्रांचा थ्रेड टाकला तर दोन-दोन प्रती एकमेकींवर चढतात. आणि त्या थ्रेडमध्ये लूप लिहिला असेल तर दर आवर्तनाला एक नवा अमर थ्रेड. इथे रन दाबायचीही गरज नाही, नुसतं ऐकत बसलात तरी आवाज जाड होत जातो. "मी काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं" ही तक्रार आली की मी थेट तिथेच बघतो.

दोन लूप समेवर येत नाहीत

ठेका लाइव्ह लूपमध्ये आहे, झांजेचाही लाइव्ह लूप लिहिला, रन दाबलं. झांज ठेक्याच्या अधेमधे कुठेतरी सुरू झाली. बरोबर आहे. नवीन लूप रन दाबल्या क्षणी सुरू होतो, समेची त्याला खबर नसते.

इलाज सिंक. तो दोन जागी लिहिता येतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. नावापुढे, डूच्या आधी, सिंक: :ठेका असं लिहिलं तर झांज पहिल्यांदा सुरू होताना एकदाच ठेक्याच्या पुढच्या क्यूची वाट बघते आणि नंतर स्वतंत्र चालते. लूपच्या आत पहिल्या ओळीला सिंक :ठेका लिहिलं तर ती दर फेऱ्याला वाट बघते.

दर फेऱ्याच्या सिंकमध्ये एक सापळा आहे. ठेका आठ मात्रांचा आणि झांजही आठ मात्रांची. झांजेचा शेवटचा स्लीप संपतो नेमका त्या क्षणी ठेक्याचा क्यू येतो, आणि झांज सिंकपाशी पोचेपर्यंत तो निघून गेलेला असू शकतो. मग ती पुढच्या क्यूची वाट बघत एक अख्खं आवर्तन गप्प. परिणाम: झांज एक आवर्तन सोडून एक वाजते. आत सिंक ठेवायचा असेल तर त्या लूपमधला शेवटचा स्लीप काढून टाका. शेवटची थाप वाजली की लगेच सिंकपाशी जाऊन उभं राहायचं, क्यूच्या आधी.

लांबी सारखी नसेल तर दर फेऱ्याचा सिंक वापरूच नका. ठेका केरव्याचा आठ मात्रांचा आणि वर सात मात्रांचा रूपक फिरवायचा असेल, तर दोघांची सम ५६ मात्रांनी जुळते, १२० च्या लयीत २८ सेकंदांनी. मजा त्या २८ सेकंदांतच असते. रूपकाला दर फेऱ्याला ठेक्याशी बांधलं तर तो सात मात्रा वाजून आठवी गप्प राहील आणि सगळंच आठ मात्रांचं होऊन बसेल. इथे सुरुवातीचा एकच सिंक पुरे.

"झांज वाजतच नाही" ही वेगळी तक्रार. लॉगमध्ये चूक नाही, आवाजही नाही. बहुतेक वेळा सिंकच्या नावात एखादं अक्षर चुकलेलं असतं. ज्या नावाचा क्यू कधी येणारच नाही त्याची वाट तो लूप निमूटपणे बघत बसतो, आणि सॉनिक पायच्या लेखी ती चूक नाही. क्यूच्या चौकटीत येणारी नावं आणि तुम्ही लिहिलेलं नाव शेजारी ठेवून वाचा. दुसरी शक्यता म्हणजे ठेका झांजेची वाट बघतोय आणि झांज ठेक्याची. आधी तू, आधी तू करत दोघेही गप्प.

पहिल्याच रनला ठेका आणि झांज एकत्र सुरू केले तर ठेक्याचा पहिला क्यू झांज ऐकायला तयार होण्याआधीच जाऊ शकतो आणि झांज एक आवर्तन उशिरा येते. भजनात टाळ तसेही मागाहून येतात, त्यामुळे मला हे खटकत नाही. खटकत असेल तर ठेक्याच्या लूपला डिलेचा पर्याय देऊन किंचित उशिरा सुरू करा.

लय वाढवली, पण वाढली नाही

बफरच्या माथ्यावर यूज बीपीएम (मिनिटाला किती मात्रा ते ठरवणारी ओळ) ९० चं १२० केलं, रन दाबलं, ठेका तसाच संथ. कारण तेच. ठेक्याचा थ्रेड जन्मताना ९० घेऊन आला, आता माथ्यावर काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यूज बीपीएम लूपच्या आत, पहिल्या ओळीला लिहा.

पाच लूपमध्ये पाच ठिकाणी आकडा बदलणं कटकटीचं म्हणून माथ्यावर सेटने लय ठेवायची आणि प्रत्येक लूपमध्ये गेटने उचलायची. यासाठी साधं व्हेरिएबल वापरायचा मोह आवरा. एक थ्रेड लिहितोय, दुसरा वाचतोय, कोण आधी पोचेल याचा नेम नाही, आणि तेच कोड दोनदा चालवल्यावर दोन तऱ्हेने वाजू शकतं. सेट आणि गेट २०१७ च्या आवृत्ती ३ पासून आहेत आणि ते हिशोबी वेळ बघून चालतात.

तरी एक गोष्ट राहतेच. प्रत्येक लूप नवी लय आपल्या पुढच्या फेऱ्याला उचलतो. ठेका आठ मात्रांचा आणि तानपुऱ्याचा लूप सोळा मात्रांचा असेल, तर मध्यावर लय बदलल्यावर ठेका आधी पळतो आणि तानपुरा आठ मात्रा जुन्याच लयीत रेंगाळतो. त्यानंतर ते पुन्हा आपणहून जुळत नाहीत. लय बदलायची आहे असं आधीच ठाऊक असेल तर सगळे लूप ठेक्याएवढे करा आणि आत सिंक ऐवजी सिंक बीपीएम वापरा. तो क्यूबरोबर ठेक्याची लयही उचलतो. शेवटचा स्लीप काढायचं वर सांगितलंच आहे. आरतीच्या शेवटी लय चढवतात तशी चढवायची असेल तर यापेक्षा सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

पुसलं तरी वाजतंय

लाइव्ह लूप कोडमधून पुसला किंवा पुढे हॅश टाकून झाकला, तरी तो थांबत नाही. त्याचं फंक्शन कुणी बदललंच नाही, मग तो जुनंच बोलावत राहतो. थांबवायचा असेल तर लूप राहू द्या, आत पहिल्या ओळीवर स्टॉप लिहा आणि रन दाबा. चालू फेरा संपवून तो शिस्तीत बाहेर पडतो. मगच पुसा. बिननावाच्या थ्रेडला असं बाहेरून काहीच सांगता येत नाही, त्यासाठी सगळंच थांबवणारं स्टॉपचं बटण हाच उपाय.

लूपमधली स्टॉपची ओळ काढून पुन्हा रन दाबलं की लूप नव्याने जन्मतो, म्हणजे पुन्हा बोट पडेल त्या क्षणी. म्हणून मुख्य ठेका सोडून प्रत्येक लूपला सुरुवातीचा सिंक: लावून ठेवायची सवय करा. त्याचा आणखी एक फायदा आहे. फाइलच्या नावात चूक झाली की तेवढाच लूप मरतो, बाकीचे चालू राहतात. चूक सुधारून रन दाबल्यावर तो समेवरच परत येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मुद्दाम विश्रांती घेतली. कंस किंवा एंड विसरण्यासारखी व्याकरणाची चूक असेल तर मात्र तो रनच होत नाही आणि जुनं सगळं वाजत राहतं. ते उलट बरंच.

इफेक्ट

विथ एफएक्स (आवाजावर इफेक्ट चढवणारी आज्ञा) लूपच्या आत घातला तर दर फेऱ्याला नवीन रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, उभा राहतो. छोट्या फेऱ्यात हे जुन्या लॅपटॉपला झेपत नाही, आणि मागे पडत असल्याचा इशारा लॉगमध्ये यायला लागतो. फारच मागे पडलं तर तो थ्रेडच मारला जातो. लूपच्या बाहेर घातला तर बोजा नाही, पण चालू असताना रिव्हर्बचा आकडा बदलून काही होत नाही, कारण लूप जुन्याच रिव्हर्बमध्ये बसलेला असतो. मधला मार्ग रेप्सचा: विथ एफएक्स आतच ठेवून त्याला रेप्स: १६ द्या. एक रिव्हर्ब सोळा वेळा वापरला जातो आणि बदल सोळा वेळांनी लागू होतो. पावसाळ्यात वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की बरेच लॅपटॉप आपला वेग कमी करतात. घरी सुरळीत चाललेलं मंडपात अडखळतं ते अशा वेळी. तालीम एकदा चार्जर काढून करा.

थ्रेड, लूप सगळं ठीक, तरी घुमट मागे

मग कोड सोडा आणि फाइल बघा. फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये थापेच्या आधी थोडी शांतता राहतेच. सॉनिक पाय फाइल वेळेवर सुरू करतो, थाप उशिरा येते. फाइल कापा किंवा सॅम्पलला स्टार्ट: देऊन पुढून सुरू करा. घुमटाच्या बाबतीत डाव्या हाताने तोंड झाकून काढलेला घुमका आणि उघड्या तोंडाची थाप वेगळ्या फाइलींत ठेवा. घुमक्याचा आवाज हळू उठतो, त्याला किंचित आधी सोडावं लागतं. एकाच फाइलीत दोन्ही ठेवून स्टार्टने भागवणं मला तरी कधी नीट जमलेलं दिसलं नाही.

दोनदा रनची चाचणी

कार्यक्रमाआधी हे कराच. सगळं वाजत असताना कोडमध्ये एक अक्षरही न बदलता रन दाबा. वाजण्यात काहीच फरक पडला नाही तर कोड ठीक. आवाज जाड झाला, एखादी जास्तीची थाप आली, तर कुठेतरी बिननावाचा थ्रेड आहे किंवा सगळ्या लूपच्या बाहेर मोकळी पडलेली सॅम्पलची ओळ आहे. बफर अर्धा अर्धा झाकत गेलात की ती लगेच सापडते. फक्त दर वेळी आधी स्टॉप दाबा, नाहीतर झाकलेलंच वाजत राहील आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल.

चाचणीत सगळं सुरळीत आणि दुसऱ्या बफरमधून काही सुरू केलं की ठेकाच बदलतो, असं झालं तर नावं तपासा. सॉनिक पायला दहा बफर आहेत, पण लाइव्ह लूपची नावं सगळ्यांत सामायिक असतात. शून्य नंबरच्या बफरमध्ये एकाचा :ठेका आणि तीन नंबरमध्ये दुसऱ्याचा :ठेका असेल, तर शेवटी ज्याने रन दाबलं त्याचा राहतो. आमच्याकडे एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने वाजवतात म्हणून प्रत्येकाने लूपच्या नावाला आपल्या गावाचं नाव लावायचं ठरलंय. मडकईचा ठेका, सावईवेऱ्याची झांज.